तुटलेली कंडरा आणि अर्धवट हिशेब

अपघात क्षणात घडतो, पण त्यातून सावरण्याचा काळ महिन्यांत मोजावा लागतो, हे सर्वांना मान्य असते. आपल्या विमायोजना, रजेचे नियम आणि घरची अंदाजपत्रके मात्र ते मान्य करून आखलेली नसतात. अकिलीस कंडरा तुटणे हे या विसंगतीचे बोलके उदाहरण आहे. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानचा, आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारा आणि रविवारी बॅडमिंटनच्या कोर्टावर उतरणारा पुरुष हा तिचा नेहमीचा बळी. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते, ‘फट्’ असा आवाज होतो आणि वळून पाहावे तर मागे कोणीच नसते.

पहिले नुकसान होते ते निदानाच्या विलंबाने. ही कंडरा तुटली तरी माणूस लंगडत का होईना चालू शकतो, कारण पाऊल हलविणारे इतर स्नायू शाबूत असतात. साहजिकच पाय मुरगळला अशी समजूत होते आणि मालिश व शेक यांत बहुमोल दिवस जातात. वस्तुतः निदान सोपे आहे. रुग्णास पालथे निजवून पोटरी दाबली असता पाऊल खाली झुकले नाही, तर कंडरा तुटली आहे असे समजावे. उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू झाले, तर तुटलेली टोके जवळ आणून जुळविता येतात. उशीर झाल्यास सोपे मार्ग बंद होत जातात.

शस्त्रक्रिया केल्यावाचून ही कंडरा जुळत नाही, ही समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. नॉर्वेमध्ये झालेल्या आणि 2022 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 526 रुग्णांची तुलना करण्यात आली. वर्षअखेर पायाच्या कार्यक्षमतेत शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेविना बरे झालेल्यांत कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण 6.2 टक्के होते, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत ते 0.6 टक्के होते. उलट, मज्जातंतूंना इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर अधिक दिसले. म्हणजे दोन्ही मार्गांना आपापली किंमत आहे. निवड रुग्णाचे वय, व्यवसाय व प्रकृती पाहून व्हावयास हवी.

मार्ग कोणताही असो, खरा उपचार त्यानंतरचाच. आरंभीचे आठवडे पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये किंवा टाचेखाली पाचरी घातलेल्या विशेष बुटात ठेवतात. पुढे एकेक पाचर काढून पाऊल हळूहळू सरळ आणतात. या काळात घाईने ताण दिल्यास कंडरा लांबून जुळते आणि पोटरीचे बळ कायमचे उणावते. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. साधारणतः दोन-तीन महिन्यांनी बूट सुटतो आणि तेव्हाच रुग्णास आपण बरे झालो असे वाटू लागते. प्रत्यक्षात खरे कष्ट तेथून सुरू होतात. प्रथम दोन्ही टाचा, मग दुखावलेल्या पायाची एकटी टाच उचलता येईपर्यंत नियमित व्यायाम करावा लागतो. खेळाकडे परतण्यास सहा महिने ते वर्ष लागते.

आता या वेळापत्रकाशेजारी विम्याचे वेळापत्रक ठेवून पाहावे. सर्वसाधारण आरोग्यविमा रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला असतो. शस्त्रक्रिया केली तर खर्च मिळतो. तीच कंडरा बूट आणि व्यायाम यांनी जुळविली तर, रुग्ण दाखल झालाच नाही या कारणास्तव, सारा भार त्याच्या खिशावर पडतो. 2020 साली सर्व विमा कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च 60 दिवसांपर्यंत मान्य आहे. म्हणजे बूट सुटून टाच उचलण्याचे धडे सुरू होण्याच्या सुमारास संरक्षण संपते. शस्त्रक्रियेला पैसा आणि व्यायामाला नकार, अशी किमतींची रचना असेल, तर रुग्ण व डॉक्टर दोघांचाही कल कोणीकडे झुकेल हे सांगण्यास अर्थशास्त्राचा व्यासंग लागत नाही.

वेतनाची बाजूही तितकीच विषम आहे. कायम शासकीय कर्मचाऱ्यास अर्जित व परिवर्तित रजेचा आधार असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारास आजारपणाचा भत्ता वर्षाकाठी 91 दिवस, वेतनाच्या 70 टक्के दराने मिळतो. पण तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाचे काय? तास नाही तर मानधन नाही, हाच त्याचा रजेचा नियम. बूट सुटण्याआधी जिना चढून वर्गावर जाणे त्याला भाग पडते. ते त्याचे अज्ञान नव्हे, निरुपाय आहे. याउलट अमेरिकेतील बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंट याची हीच कंडरा जून 2019 मध्ये तुटली. त्यानंतर ब्रुकलिनच्या संघाने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला आणि पहिला संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. तो अब्जाधीशांचा खेळ आहे हे खरे. पण पूर्ण बरा झालेला माणूसच उपयोगी पडतो हा त्यामागील हिशेब मात्र सर्वांना लागू आहे.

दाखल न झालेल्या रुग्णांचे दावे मान्य केल्यास खोटी बिले वाढतील आणि विम्याचे हप्ते चढतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. तथापि ही दुखापत तपासणीने व सोनोग्राफीने पडताळता येते आणि तिच्या उपचाराचे टप्पे ठरलेले आहेत. निदान सिद्ध झाल्यावर, शस्त्रक्रिया होवो वा न होवो, बूट आणि फिजिओथेरपीच्या ठरावीक बैठका यांसाठी एक निश्चित रक्कम टप्प्याटप्प्याने देणे अशक्य नाही. शिक्षणसंस्थांनीही अशा अध्यापकाला काही महिने तळमजल्यावरील वर्ग द्यावा, परीक्षाविषयक बैठे काम मानधनासह सोपवावे. यासाठी फार मोठी तरतूद लागणार नाही.

ज्या उपचाराचा शेवटचा टप्पा परवडत नाही, त्याच्या पहिल्या टप्प्यावर केलेला खर्चही निम्मा वाया जातो. अधू राहिलेल्या पायाची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ती तो माणूस आणि त्याचे कुटुंब वर्षानुवर्षे भरीत राहते.