अनाहूत सल्ला आणि बाळाचा पाळणा

न विचारता कोणास काही सांगू नये, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. घरात मूल जन्मास येताच हा नियम सर्वांत आधी मोडतो. आणि हॉलंडमधील मराठी घरात तर तो दोन्ही बाजूंनी मोडतो. एकीकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्या-नाशिकाहून आलेली आजी, दुसरीकडे पहिले आठ-दहा दिवस घरी येणारी, बाळंतिणीची सेवा करणारी डच परिचारिका. एक म्हणते, कुंची घाला, राईची उशी द्या. दुसरी म्हणते, उशी काढा, खोली थंड ठेवा.

बिचारी बाळंतीण दोघींनाही ‘बरे’ म्हणते व त्यांची पाठ वळताच मनास येईल ते करते. हा मार्ग सौजन्याचा दिसतो. वस्तुतः तो धोक्याचा आहे. त्यात माणसाची मर्जी राखली जाते, सल्ल्याची परीक्षा होतच नाही.

सल्ला तज्ज्ञाचा म्हणून तो खराच, असेही नव्हे. १९७० नंतरच्या काळात याच देशात तान्ह्या मुलांस पालथे निजविण्याचा सल्ला तज्ज्ञांनीच दिला होता. झोपेतच अकस्मात दगावणाऱ्या बाळांची संख्या त्यानंतर वाढत गेली. १९८७ साली बालआरोग्याचे प्राध्यापक गुस द योंग यांनी या रीतीविरुद्ध जाहीर इशारा दिला. आईबापांनी मुले उताणी निजविण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. मधल्या काळात एखाद्या आजीने ‘बाळ उताणे निजवा’ म्हटले असते, तर तिला अडाणीच ठरविले गेले असते! तथापि त्याच आजीची उशी आणि थरावर थर पांघरुणे आज वर्ज्य आहेत, तीही सबळ कारणाने : उशीने श्वास कोंडू शकतो, आणि अतिरिक्त ऊब हाही त्या मृत्यूचा एक धोका आहे.

तेव्हा ‘इकडे असे चालत नाही’ असे तोडून बोलण्यापेक्षा, उशी का नको हे आजीजवळ बसून सांगावे. बाळ दगावू नये, हीच तर तिचीही तळमळ असते. परिचारिकेसही ‘का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही. डच माणसास असा प्रश्न सहसा खुपत नाही. शिवाय दोघींचे सर्वत्र वैर आहे, असेही नाही. बाळ जन्मले की डच घरी पाहुण्यांस कुरकुरीत टोस्टवर बडीशेपेच्या जातीचे साखर चढविलेले दाणे घालून देतात. त्याने आईस दूध येते, अशी जुनी समजूत. आजीच्या सामानातील बाळंतशेपाही त्याच हेतूने इतक्या दूर आलेल्या असतात.