पोरांची संध्याकाळ कोणी गहाण ठेवली?



जिल्ह्यातल्या कोणत्याही सभेला जा, एक वाक्य कानावर पडतेच. "आजकालच्या पोरांत काही राहिलं नाही." पुढारी म्हणतो, मास्तर म्हणतो, ओट्यावर बसलेला बापही म्हणतो. ना गाणे, ना भजन, ना चार माणसांत उठबस. हातात मोबाइल आणि कानात बोंडे. रोग ठरला की औषधही तयारच असते. तालुक्याला युवा महोत्सव भरवा, मांडव घाला, साहेबांना बोलवा, बक्षिसे वाटा, फोटो छापा. 1972 साली नेहरू युवा केंद्रे निघाली, 2023 साली 'मेरा युवा भारत' आले. पाटी बदलली, मांडव तोच.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. उगवण झाली नाही तर आधी बियाण्याला शिव्या देऊ नका, जमिनीत हात घालून ओल बघा, एवढे तरी आम्हाला शिकवले होते. वाफसा नसताना पेरले तर लाखमोलाचे बियाणेही कुजते. गावातल्या पोरांच्या बाबतीत आमचे सरळ म्हणणे असे आहे: बियाणे अस्सल आहे. वाफसा मोडला आहे. आणि तो आपोआप मोडलेला नाही, मोडलेला आहे.

खोटे वाटत असेल तर भिवंडीला चला. आपला आणि भिवंडीचा संबंध काय, असे विचारू नका. आपला कापूस सरकी सोडून, गाठ होऊन, सूत होऊन शेवटी मागावर चढतो, आणि महाराष्ट्रात यंत्रमागाचे नाव काढले की पहिले भिवंडीचे निघते. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी तिथे हातमाग रुजवले. पुढे यंत्रमाग आले, मग उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आले, तेलंगणाच्या कोरडवाहू गावांतले पद्मशाली आले. शहराबाहेर मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा या गावांत भाताची खाचरे बुजवून गोदामे उभी राहिली. मुंबईची जकात चुकवायला माल वेशीबाहेर ठेवायचा, हे त्यामागचे एक कारण. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. आता तुमच्या-आमच्या गावचा बारावी झालेला पोरगाही अशाच गोदामात खोकी बांधायला जातो. आधी कापूस गेला, मागून पोरगा गेला. दोन्ही उधारीपायी आणि पडेल त्या भावात.

मागावर बारा-बारा तासांची पाळी. मजुरी कापडाच्या हिशेबाने. माग थांबला की मजुरी थांबली. अशा ठिकाणी कसली कला आणि कसले काय, असे वाटेल. मग मालेगावचे उदाहरण ऐका. तेही यंत्रमागाचेच गाव. तिथल्या शेख नासिर नावाच्या तरुणाने गावातलीच पोरे गोळा करून 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. ना स्टुडिओ, ना भांडवल. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. त्यातला सुपरमॅन मागावर काम करणारा शफीक शेख. त्या पोरांवर 2025 साली मुंबईवाल्यांनी मोठा सिनेमा काढला, तेव्हा कुठे शहाण्यांना कळले की मालेगावात काही घडले होते. आम्हाला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतो. आठवड्याचा तो एक दिवस पोरांचा स्वतःचा होता, सगळ्यांचा एकाच वेळी होता, आणि बघायला गाव हजर होते. एवढाच वाफसा मिळाला आणि पीक तरारून आले. कोणत्या महोत्सवाचे अनुदान लागले?

आता दुसरी गोष्ट, खास भिवंडीची. 1984 साली भिवंडीत भयंकर दंगल झाली. पुढे 1988 पासून तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही धर्मांची माणसे एका समितीत, त्यांच्यासोबत त्या भागाचा साधा पोलीस शिपाई, आणि ठरलेल्या दिवशी बैठक. भाषण नाही, हार नाही. गटार तुंबले, भाडेकरूशी भांडण झाले, पोरगा वाईट संगतीला लागला, असले विषय. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली आणि सगळ्यांना जिची धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. समाजजीवन म्हणतात ते हेच. वर्षातून एकदा घातलेला मांडव नव्हे, आठवड्यामागून आठवडा एका सतरंजीवर बसण्याची सवय. ज्या गावात माणसे बसतच नाहीत, तिथे पोरांनी कुठे बसायचे?

संध्याकाळ गहाण पडते म्हणजे काय, हेही त्याच मुलखाने एकदा पाहिले आहे. आज वारली चित्रे साडीवर, कपावर, विमानतळाच्या भिंतीवर दिसतात. 2014 साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे 2011 साली पद्मश्री झाले, 2018 साली वारले. डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे, 2014 पर्यंत भिवंडीच्याच ठाणे जिल्ह्यात होते. ही चित्रे मुळात लग्नघराच्या भिंतीवरची. तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा तो बायकांनी. पण ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको जमीनदाराकडे जन्मभर राबत. त्यांना नावच होते 'लग्नगडी'. अंगणात तारपा वाजतो आहे, भिंतीवर चौक आहे, आणि नवऱ्याच्या उद्याच्या सगळ्या संध्याकाळी सावकाराच्या वहीत गेलेल्या आहेत! जानेवारी 1945 मध्ये भिवंडीजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे वारली गेले, परत येऊन त्यांनी वेठ नाकारली, आणि लग्नगड्यांची सुटका झाली. कला त्यांच्यात आधीही होती. नव्हती ती मोकळीक, आणि ती अनुदानाने नव्हे, नकाराने मिळाली.

आता आपल्या घरचा हिशेब. आपला कापूसवाला आणि ज्वारीवाला पोरगा लग्नगडी नाही, हे खरे. पण त्याची संध्याकाळ त्याची आहे काय?

ज्वारी होती तेव्हा जागल होती. मचाणावर रात्र काढायची तर गोष्ट लागे, गाणे लागे, शेजारच्या धुऱ्यावरच्या गड्याला हाक लागे. ज्वारीला भाव नाही म्हणून ज्वारी गेली, तिच्याबरोबर जागल गेली. राहिला होता हुरडा. तो आता शहरातल्या पाहुण्यांना तिकीट लावून विकतात, आणि आपली पोरे तिथे ताटे उचलतात. याच कापसाच्या मुलखात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावेच्या गावे संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बसवली, 1955 साली 'ग्रामगीता' दिली. किती गावांत ती सतरंजी अजून रोज पडते, हे आपापल्या मनाशी मोजा.

आणि पैशाचे काय? झाडीपट्टीकडे बघा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा धानाचा मुलूख. दिवाळी सरते, धान घरात येते आणि वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव निघतात. रात्रभर नाटक, हजारो माणूस, आणि तिकीट काढून! 2023 साली तिथल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. रंगभूमी मात्र त्याआधी कित्येक वर्षे गावकऱ्यांच्या तिकिटावर जगली. पीक हातात आले की गाव स्वतःचा रंगमंच स्वतः उभा करते, कोणाच्या दारात जात नाही.

आपले पीक हातात येते तेव्हा काय होते? 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सांगितले 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवले 31 डिसेंबरपर्यंत. नेमका आपला वेचणीचा आणि विकण्याचा हंगाम! मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये हमीभाव कागदावर जाहीर होता. घरची निकड असलेला शेतकरी मात्र खेडा खरेदीत मिळेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. समजा, एका गावचा कापूस 2,000 क्विंटल आणि क्विंटलमागे मार बसला अवघ्या 500 रुपयांचा. दहा लाख रुपये झाले. एका गावचे, एका हंगामाचे. त्यात वाचनालय होते, तालीम होते, नाटकाचा पडदा, पेटी, तबला आणि शिकवणारा गुरुजी होतो. ते दहा लाख उचलून न्यायचे, आणि वर्षाअखेरी महोत्सवात पोराला स्टीलची ढाल देऊन टाळ्या वाजवायच्या! पोरांत काही राहिले नाही म्हणणाऱ्यांनी आधी पोरांसाठी काय राहू दिले ते सांगावे.

इथे आमचेच काही जुने सोबती म्हणतील, "मग भावाचंच बोला. भाव मिळाला की बाकी सगळं आपोआप येईल." आम्हाला हे मान्य नाही. भिवंडीच्या वेशीवर जमिनीला सोन्याचा भाव आला. म्हणून चावडी भरू लागली, असे कोठे झाले? पैसा ही ओल आहे, पेरणी नव्हे. पेरणी गावालाच करावी लागते. आणि भाव मिळेपर्यंत पोरांनी वाट बघायची म्हटले तर तोवर गावात पोरे उरणार नाहीत. उलट आमचा अनुभव असा की ज्याला चार ओळी रचून चावडीत म्हणता येतात, तो जिनिंगच्या काट्यावर वजनाची पावतीही मोठ्याने वाचतो. ज्याने नाटकात पाटलाचे काम केले, तो खऱ्या पाटलापुढे अडखळत नाही. तोंड उघडायची सवय ही लढ्याची पहिली मशागत आहे.

आणि पोरींचे? पोरगा निदान पारावर तरी बसतो. पोरगी सकाळी वेचणीला जाते, दुपारी पाणी भरते, संध्याकाळी चुलीपुढे असते. तिला संध्याकाळच नाही, मग गहाण काय पडणार? वारल्यांचा चौक बायकांनी लिहिला. तो कागदावर येऊन बाजारात गेला तेव्हा मोठी झालेली नावे बहुतेक पुरुषांची. ही चूक सरकारची नव्हे. ती घराघरातली आहे आणि घराघरातच दुरुस्त व्हायची आहे.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार कामे ठेवतो. कोणाकडे अर्ज नाही, कोणाला निवेदन नाही.

एक. गावात एक खोली मोकळी करा. समाजमंदिर असेल, बंद पडलेली शाळाखोली असेल. किल्ली सरपंचाकडे नको, पोरांकडे द्या. दोन किल्ल्या करा आणि दुसरी पोरींकडे द्या. वाचनालय नोंदवायचे असेल तर 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. पण नोंदणीसाठी थांबू नका, आधी पुस्तके आणा.

दोन. कापूस विकला की क्विंटलमागे पाच रुपये त्या खोलीसाठी बाजूला काढा. दोन हजार क्विंटलचे दहा हजार होतात. हिशेब दर महिन्याला भिंतीवर लागला पाहिजे, आणि तो पोरांच्याच अक्षरात. पुढाऱ्याची देणगी घ्यायची नाही. ती घेतली की वाढदिवसाचा फलक आपल्याच भिंतीवर लागतो.

तीन. आठवड्यातली एक संध्याकाळ सगळ्या गावाने सोडायची. मालेगावचा शुक्रवार तसा आपला बाजाराचा दिवस. त्या संध्याकाळी पोरीला चूल नाही, पोराला पाळी नाही. भिवंडीच्या मोहल्ल्यासारखे एका सतरंजीवर बसायचे, सगळ्या आळ्यांनी बसायचे. गावाबाहेरची वस्ती त्या सतरंजीवर नसेल तर ती सतरंजी गुंडाळून ठेवा.

चार. पुढच्या जिल्हा बैठकीत पहिला अर्धा तास पोरांचा. पुढाऱ्यांची भाषणे नंतर. दर गावाने एक भित्तिपत्रक आणायचे. विषय एकच: आमच्या गावचा कापूस कुठे गेला आणि आमच्या गावची पोरे कुठे गेली. शोध पोरांनी घ्यायचा, खेडा खरेदीवाल्यापासून मागापर्यंत आणि गोदामापर्यंत. चित्र काढा, पोवाडा रचा, बतावणी करा, मोबाइलवर सिनेमा काढा. ज्या मोबाइलला आपण नावे ठेवतो तो मालेगावच्या पोरांच्या हातात असता तर त्यांनी काय केले असते!

पोटाला नाही आणि गाणी कसली, असे कोणी म्हणेल. गाणी पोटासाठी नाहीत, पोट मारणाऱ्याला ओळखण्यासाठी आहेत. मुक्या गावाला लुटणे सोपे असते, म्हणून तर आपले गाव मुके झालेले कोणाला सलत नाही.

पेरणीची वेळ झाली की आपण पंचांगापेक्षा मूठभर माती हातात घेऊन ठरवतो. तसेच या वेळी करा. बैठकीहून घरी गेल्यावर पोराला आणि पोरीला एवढेच विचारा, "संध्याकाळी तुला काय करावंसं वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.