औषध स्वस्त झालं, पण रिपोर्टमधल्या ‘२+’चं काय?
स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध रोश कंपनीने २०१२ मध्ये पुण्याच्या एमक्युअरमार्फत कमी किमतीत आणलं. २०१४ मध्ये बायोकॉनचं बायोसिमिलर आलं, किंमत आणखी उतरली. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही.

साधारण १५ ते २० टक्के रुग्णांच्या गाठीत ‘हर-२’ जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात. त्यामुळे पेशीवर ‘वाढ’ असा संदेश देणारे रिसेप्टर बेसुमार वाढतात. औषध त्यांनाच अडवतं.

म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट नीट वाचा. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. ० किंवा १+ असेल तर हे औषध सहसा देत नाहीत. २+ म्हणजे निकाल अधांतरी. तिथे जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ तपासणी टाळू नका. उपचार त्यावरच ठरतो.