दात काढणे स्वस्त, दात नसणे महाग

दाढ ठणकू लागली की आपल्याकडे उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी लवंगेचे तेल, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही की मग दाताचा डॉक्टर. तिथेही खुर्चीत बसता बसता सांगणे एकच : "काढूनच टाका एकदाची." तालुक्याच्या गावी दंतवैद्यकाचा व्यवसाय करताना हे वाक्य मी रोज ऐकतो. ते बोलणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यामागे संसारी माणसाचा हिशेब असतो. दाढ काढायला काही शे रुपये पुरतात. तीच वाचवायची तर रूट कॅनाल आणि वर कॅप, म्हणजे काही हजार. घरात पाच-सहा माणसे, उसाचे बिल येईल तेव्हा येणार, मेडिक्लेम असला तरी बहुतेक पॉलिसींत दातांचे साधे उपचार बसत नाहीत. अशा वेळी माणूस काढण्याकडेच वळणार.

मात्र या हिशेबात दोन रकमा धरलेल्याच नसतात. तीच दाढ वर्ष-दोन वर्षे आधी दाखवली असती, तर ती भरायलाही काही शे रुपयेच लागले असते. बहुधा इंजेक्शनचीही गरज पडली नसती. ही एक. दुसरी म्हणजे दाढ गेल्यानंतरचा खर्च. रिकाम्या जागेकडे शेजारचा दात कलतो, समोरच्या जबड्यातली दाढ तिच्या जागेवरून सरकून त्या फटीत येऊ पाहते, मधे अन्न अडकते आणि पुढच्या दाताचा नंबर लागतो. माणूस एकाच बाजूने चावू लागतो, मग भाकरी सुटते, शेंगदाणे सुटतात. पन्नाशीच्या आत कवळीचे माप द्यायला आलेले कितीतरी लोक मला एकेक दाढ कोणत्या साली काढली ते क्रमाने सांगतात.

दुखेपर्यंत थांबण्याचे कारण दाताच्या घडणीतच आहे. दाताच्या वरच्या कठीण कवचाला संवेदना नसते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल कवच विरघळवते, आणि हे सारे मुकाट्याने चालते. ठणका लागतो तेव्हा कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. म्हणजे आपण ज्या दिवशी डॉक्टरकडे जायचे ठरवतो, तो स्वस्त उपचाराची मुदत संपल्यानंतरचा दिवस असतो.

मुलांच्या बाबतीत तर यात एक वेगळीच फसगत आहे आणि ती प्रत्येक आईबापाने माहीत करून घ्यावी. गेल्या वर्षी माण तालुक्यातून एक आजी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. गालावर सूज, मुलगी रडून थकलेली. "दुधाचीच हाय, काढा की. दुसरी यील," असे आजी म्हणाल्या. ती दाढ दुधाची नव्हती. दुधाचे दात वीस असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास, सर्वांत मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, दोन वर आणि दोन खाली अशा चार नव्या दाढा येतात. त्या येताना एकही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही. या दाढा कायमच्या. त्यांच्या जागी पुन्हा काही येणार नाही. वरून त्यांच्या खाचा खोल असतात आणि इतक्या मागे लहान मुलाचा ब्रश नीट पोचत नाही. त्यामुळे बाकीचे दात चांगले असलेल्या मुलांतही याच दाढा आधी किडतात.

त्या मुलीची दाढ वाचवण्यासारखी राहिलेली नव्हती. ती काढावी लागली. दोन-तीन वर्षे आधी तिच्या खाचा सिमेंटने बुजवून घेणे हे दहा-पंधरा मिनिटांचे, न दुखणारे काम होते. दुधाच्या दाढांचेही तसेच. "पडणारच आहेत" हे खरे, पण शेवटच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने पुढची सहा-सात वर्षे जेवायचे असते.

आता प्रश्न येतो तो जायचे कोठे. "डॉक्टर, साताऱ्या-पुण्याला नेण्याची आमची ऐपत नाही," असे लोक म्हणतात. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तरी आईचा रोज बुडतो आणि मुलाची शाळा बुडते. दातांच्या उपचाराला चार-चार फेऱ्या पडतात, तेव्हा लांबचा दवाखाना फुकट असला तरी महागच पडतो, हे मला मान्य आहे. पण तालुक्याच्या आसपास जे उपलब्ध आहे त्याचाही आपण पुरता उपयोग करून घेत नाही.

उपजिल्हा रुग्णालयांत आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. (मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयांचे नियम वेगळे असतात, तिथे खिडकीवर आधी विचारावे.) जाण्यापूर्वी दाताचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात याची चौकशी मात्र जरूर करावी, नाहीतर हेलपाटा ठरलेला.

या सरकारी खुर्चीबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती तिथे बसणाऱ्या डॉक्टरांबद्दल नाही. तिथे दात काढले जातात फार आणि भरले जातात कमी. कधी कॉम्प्रेसर बंद, कधी भरायचे सिमेंट संपलेले, कधी बाहेर इतकी गर्दी की एका दाढेवर अर्धा तास देणे शक्य नसते. आणि येणाराही "काढा" म्हणूनच येतो. पण यंत्र बंद आहे म्हणून दात भरता येत नाही ही सबब मला पूर्ण पटत नाही. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट भरण्याची पद्धत जगभर वापरात आहे. तिला वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. सर्पदंशाची लस ग्रामीण रुग्णालयात असावी असा आपला आग्रह असतो, तसा या सिमेंटच्या पुडीचाही असायला हरकत नाही.

दुसरी जागा म्हणजे दंत महाविद्यालये. सरकारी महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. ती आपल्या जिल्ह्याला लांबच. पण कराडला खासगी महाविद्यालय आहे, मायणी-विट्याच्या बाजूच्या लोकांना सांगली आहे, खंडाळा-शिरवळकडच्यांना पुणे आहे. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात, म्हणून तिथले दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. "पोरांच्या हाती दात द्यायचा का?" ही शंका सगळेच काढतात. काम विद्यार्थी करतो हे खरे, पण दात कोरल्यावर एकदा आणि भरल्यावर एकदा शिक्षक येऊन पाहतात, आणि त्यांना पसंत पडले नाही तर पुन्हा करायला लावतात. खासगी दवाखान्यात तुमच्या डॉक्टरच्या कामावर अशी नजर ठेवणारे कोणी नसते, हेही ध्यानात घ्यावे. तोटा एकच, वेळ फार जातो. दात भरायला सकाळ जाते. माझा सल्ला असा : दात भरणे, साफ करणे, कवळी ही कामे तिथे निःशंक करून घ्यावीत. मागच्या दाढेचे रूट कॅनाल असेल तर ते एम.डी.एस. करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे सोपवावे असे केसपेपर काढतानाच सांगावे. सकाळी लवकर जावे, परीक्षांचे दिवस टाळावेत.

खासगी डॉक्टर निवडताना लोक पाटीवरची अक्षरे आणि बाहेरची काच पाहतात. त्यापेक्षा भिंतीवर राज्य दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आहे का ते पाहा. मग अवजारे कशात निर्जंतुक करता, असे सरळ विचारा. ऑटोक्लेव्ह हवे. ते म्हणजे एका अर्थी आपला प्रेशर कुकरच. दाबाखालची वाफ १२१ अंशांपर्यंत तापते आणि ठरलेला वेळ धरली तर काविळीचे विषाणूही मरतात. नुसत्या उकळत्या पाण्यावर किंवा औषधाच्या ट्रेमध्ये बुडवण्यावर भागत नाही. ज्याच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे तो डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही, उलट उठून दाखवतो. दाढेचा एक्स-रे न काढता रूट कॅनाल सुचवले तर कारण विचारा. सगळ्या तोंडाचा खर्च कागदावर लिहून घ्या आणि त्यातले आज काय करायला हवे, सहा महिने काय थांबू शकते, हे वेगळे करून मागा. चार दाढांचा एकत्र आकडा ऐकून घाबरून परत जाणारे लोक एकेक दाढ करत वर्षभरात सगळे उपचार पूर्ण करू शकतात. आमच्या व्यवसायातल्या काहींना हे लिहिलेले रुचणार नाही. असो.

आठवड्याच्या बाजारात छत्रीखाली बसून तासाभरात "फिक्स दात" बसवून देणारे अजूनही दिसतात. त्यांचा दात शेजारच्या चांगल्या दातांना मसाल्याने कायमचा चिकटवलेला असतो. त्याखाली ब्रश जात नाही, हिरडी सडते, आणि वर्ष-दोन वर्षांत त्या खोट्या दाताबरोबर शेजारचे दोन खरे दातही हलू लागतात. एका दाताच्या जागी तीन दातांची कवळी करण्याची वेळ मी पाहिली आहे.

शिबिरांबद्दलही थोडे. शाळेत मांडव घालून दोनशे मुलांचे दात एका सकाळी तपासले जातात, प्रत्येकाला टूथपेस्टची छोटी नळी मिळते, पेपरात फोटो येतो. किडलेली दाढ तशीच घरी जाते. ज्या शिबिरात खाचा बुजवण्याची किंवा दात भरण्याची सोय नाही, निदान कोणत्या मुलाला कोठे आणि कोणत्या तारखेला पाठवायचे याची चिठ्ठी नाही, ते मंडळाने घेतले नाही तरी चालेल. त्याऐवजी २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे पालकांनी लक्ष द्यावे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासते आणि किडलेले दात हा त्याच्या तपासणीच्या यादीतला विषय आहे. पथक येऊन गेले की मुलाला पुढे पाठवल्याची चिठ्ठी दिली का, हे गुरुजींना विचारा. ती दप्तरात चुरगळून पडलेली मी कैकदा पाहिली आहे.

एक इशारा मात्र यात दवडू नये. दाताच्या दुखण्याबरोबर जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप चढला, तर तालुक्याची, पैशांची, वाराची चर्चा न करता थेट मोठे रुग्णालय गाठावे. ही सूज श्वास अडवू शकते. मधुमेह असलेल्यांनी तर गोळ्या घेऊन वाट पाहूच नये. आणि तंबाखू किंवा मशेरी लावणाऱ्या बायाबापड्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांवर राहिली तर तीही दाखवावी. ती दुखत नाही म्हणूनच दाखवावी.

राहिला तालुक्याच्या खुर्चीचा प्रश्न. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या हाती थोडा निधी असतो आणि स्थानिक लोकप्रतिनिधी तिच्यात असतात. तिच्या पुढच्या सभेत कोणी एवढेच विचारावे की गेल्या महिन्यात आपल्याकडे दात किती काढले आणि किती भरले. रुग्णालयाच्या नोंदींतून हे दोन आकडे काढायला फार कष्ट पडत नाहीत. काढलेले भरपूर आणि भरलेले दोन-चार असे निघाले तर सिमेंट कधी संपले, कॉम्प्रेसर कधीपासून बंद आहे, हे पुढचे प्रश्न आपोआप येतील. जूनमध्ये शाळा उघडतात, पहिली-दुसरीच्या मुलांना नुकत्याच मागच्या दाढा आलेल्या असतात. त्याआधीची सभा या विषयासाठी धरावी आणि सिमेंटची मागणी त्याच सभेत लिहून द्यावी.