कलाशाखेच्या दारात वायरमन

आपल्या महाविद्यालयात सामुदायिक महाविद्यालयाचे अभ्यासक्रम सुरू करावेत की नाही, यावर यंदा बरीच चर्चा झाली. ग्राफिक डिझाइन, वीजजोडणी आणि रसायन ही तीन नावे पुढे आली आणि प्राध्यापकांच्या खोलीपासून कँटीनपर्यंत दोन तट पडले. एक तट म्हणतो, कला महाविद्यालयाचे आय.टी.आय. करू नका. दुसरा म्हणतो, बी.ए. होऊन तरी आजवर कोणाचे भले झाले? मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. हे अभ्यासक्रम यावेत, आणि ते बी.ए.च्या शेजारी पत्र्याची शेड टाकून नव्हे, तर बी.ए.च्या आत यावेत, असे माझे मत आहे. मी मराठी विषय घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. मी येथून जाईन तोवर पहिला तासही व्हायचा नाही. तेव्हा या वादात माझा स्वार्थ काही नाही.

सामुदायिक महाविद्यालय म्हणजे काय, हे वाद घालणाऱ्या निम्म्या मंडळींनी अजून विचारलेलेच नाही. आसपासच्या वस्तीला लागणारे काम त्याच वस्तीतल्या तरुणांना आणि प्रौढांना थोड्या मुदतीत, थोड्या फीमध्ये शिकवायचे, ही मूळ कल्पना. अमेरिकेत जोलिएट येथे १९०१ साली असे महाविद्यालय निघाले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये योजना आणली, प्रमाणपत्र आणि पदविकेच्या पायऱ्या ठेवल्या. पुढच्या वर्षी बी.व्होक. ही पदवीही आली. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला एक आकडा दिला आहे. १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांत रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले आपल्याकडे शेकडा ५ सुद्धा नाहीत. दक्षिण कोरियात ते ९६ आहेत.

परंतु कल्पना परकी आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली तेथे कलाभवन निघाले. प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर, व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. रंगाईचे रसायन, यंत्रकाम आणि चित्रकला एकाच छपराखाली, आणि शिकवणे होता होईल तो देशी भाषेत! त्या कलाभवनात आपले दादासाहेब फाळके शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई यांत त्यांनी कोठे भिंत मानली नाही. पुढे ते रविवर्म्यांच्या छापखान्यात काम करू लागले, तो आपल्या डोंगरापलीकडे, लोणावळ्याच्या बाजूला. शिळाछपाईत चित्रकाराचा हात लागतो आणि तेल-पाण्याचे वैर जाणणारे रसायनही लागते. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होत असताना फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत होत्या. कोणत्या शाखेच्या म्हणायच्या त्या?

आता आपल्या मुळशीकडे येऊ. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध येथे १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. लढा हरला. भातखाचरे आणि घरे पाण्याखाली गेली, पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरले आणि १९२७ पासून तेथली वीज मुंबईला मिळू लागली. हे आपण इतिहासाच्या तासाला शिकतो आणि उत्तरपत्रिकेत दहा गुणांचे लिहितो. पण ज्या तालुक्याने विजेसाठी गावे बुडवली, त्या तालुक्यातल्या पदवीधराला घरातला फ्यूज का उडतो, हे सांगता येत नाही. आमच्या गावात फ्यूज सारखा उडतो म्हणून एका ‘जाणकारा’ने त्यात जाड तार घातली. फ्यूज उडायचा थांबला खरा! फ्यूजची तार बारीक असते ती वितळण्यासाठीच. ती वितळली नाही तर भिंतीतली वायर तापते. जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार गंजून तुटली, तर आपल्या पावसात ओली भिंतही माणसाला फेकून देते. नियमाने घराची वायरिंग परवानाधारक तारतंत्र्याने करायची असते. तेव्हा वीजजोडणीचा अभ्यासक्रम आणायचाच, तर तो पुढे परवान्यापर्यंत नेणारा हवा. भिंतीला टांगायला आणखी एक प्रमाणपत्र नको.

रसायनाविषयी लिहिताना हात जड होतो. ७ जून २०२१ रोजी याच तालुक्यात उरवडे येथे पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून सतरा कामगार गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. दोष कोणाचा, हे ठरवणे माझे काम नाही. मी फक्त एक विचारते: अशा कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाईला पिंपावरची खूण वाचता येते का? पिंपावर लाल चौकटीत ज्योत असते तेव्हा आतला माल पेट घेणारा असतो. ज्योतीखाली वर्तुळ असेल तर अर्थ वेगळा: हा माल स्वतः पेटेलच असे नाही, पण शेजारचे जळू लागले तर त्याला प्राणवायू पुरवून आग भडकवील. फरक एका वर्तुळाचा आहे. तो कोणी शिकवल्याशिवाय कळत नाही, आणि खाली जो मजकूर असतो तो इंग्रजीत. मराठीत असला तर ‘ऑक्सिडीकारक’ असा, म्हणजे इंग्रजीच बरे.

कला महाविद्यालयाचे काम नेमके येथे सुरू होते, असे मला वाटते. त्या पिंपावर काय आहे हे रसायनाचा विद्यार्थी सांगेल. ते सातवी शिकलेल्या बाईला एका वाक्यात कळेल असे मराठी आपण लिहू. ते वाक्य अंधाऱ्या गोदामात दहा फुटांवरून वाचता येईल असे अक्षर डिझाइनचा विद्यार्थी काढील. ग्राफिक डिझाइन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पौड रस्त्यावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स येतात. त्यांत साहेबांचा गॉगल मोठा आणि ‘शुभेच्छुक’ बारीक! पण र. कृ. जोशींनी देवनागरीचा टंक संगणकावर आणला, कमल शेडग्यांनी नाटकांच्या नावांना चेहरे दिले, तेही अक्षरांचेच काम होते. लिपी जाणणाऱ्या माणसालाच ते जमते.

प्राध्यापकांची एक भीती मात्र मला खरी वाटते. पिरंगुटच्या कंपन्यांना स्वस्त शिकाऊ पोरे पुरवण्याचे हे केंद्र होईल, सहा महिने राबवून घेतील आणि सोडून देतील. तसे होऊ द्यायचे नसेल, तर अभ्यासक्रम कंपनीच्या गरजेवरून आखू नयेत, गावाच्या गरजेवरून आखावेत. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून ते दुष्काळी गावात गेले. तेथे मुले गावाला लागणारी कामे करीत करीत शिकतात. आपल्या मुलांनीही पहिल्या वर्षी गावातल्या शाळांची अर्थिंग तपासावी. दुरुस्ती परवानाधारकाने करावी, मुलांनी त्याच्या हाताखाली. श्रेयांक बी.ए.च्या गुणपत्रिकेत यावेत. नाहीतर ‘नापासांचा वर्ग’ हे नाव पहिल्याच महिन्यात पडेल आणि ते पुसायला दहा वर्षे लागतील.

वायरमन शिकवायला आला तर त्याला प्राध्यापकांच्या खोलीत खुर्ची मिळणार का, हेही आधीच ठरवावे. आणि वेळापत्रक करणाऱ्यांना एक विनंती. प्रात्यक्षिके सकाळी ठेवा. ती संध्याकाळी पाचपर्यंत चालली, तर ताम्हिणीच्या बाजूच्या मुली परतीच्या गाडीचा हिशेब करून नावच घालणार नाहीत. मग तिन्ही वर्गांत पौडच्या अलीकडची मुले तेवढी दिसतील.