राखणदाराचे माप

गेल्या वर्षीच्या आंतरवर्गीय हँडबॉल सामन्यांचा वृत्तान्त या वार्षिकांकासाठी आम्हीच लिहिला होता. कोणी किती गोल केले, ते त्यात नावानिशी दिले होते. अंक हाती पडल्यावर इयत्ता नववीतील एक विद्यार्थी आमच्याकडे आला आणि अदबीने म्हणाला, "सर, माझे नाव एवढ्याचसाठी आले का?" तो आपल्या वर्गाचा गोलरक्षक होता. आम्ही पान पुन्हा वाचले. त्याचे नाव एकदाच आले होते, आणि तेही अंतिम सामन्यातील निर्णायक चेंडू त्याच्या हातून निसटला, या वाक्यात. यंदा तो विद्यार्थी मैदानावर फिरकलेला नाही. प्रस्तुत लेखास निमित्त हेच.

हँडबॉलच्या संघात ७ खेळाडू असतात. त्यांपैकी सहाजण धावतात, फेकतात, गोल करतात. सातवा ३ मीटर रुंद व २ मीटर उंच चौकटीपुढे उभा राहतो. त्याच्या हातांत मोजे नसतात. सहा मीटरांच्या रेषेवरून उडी घेऊन फेकलेला चेंडू अव्वल सामन्यांत ताशी १०० किलोमीटरांहूनही अधिक वेगाने येतो. साठ मिनिटांच्या खेळात विजयी संघाचा रक्षकही वीस-पंचवीस गोल सहज स्वीकारतो. आलेल्या तीन फेकींपैकी एक अडविली, तर त्याचा खेळ उत्तम समजला जातो! याचा अर्थ असा, की तीनदा परीक्षा होते, दोनदा अपयश येते, आणि तरीही तिसऱ्या वेळी तितक्याच निर्धाराने हात उंचावावा लागतो. फ्रान्सच्या थिएरी ओमेयर याने २००८ व २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली आणि वयाच्या चाळिशीनंतरही तो खेळत राहिला. त्यानेही अडविलेल्या चेंडूंपेक्षा सुटलेले चेंडूच अधिक पाहिले असतील.

पण उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपले बडोदे ही राखणदारांची नगरीच आहे. १९५१ ते १९६० या काळात भारतातर्फे १२ कसोटी सामने खेळलेले यष्टिरक्षक नाना जोशी यांचा जन्म येथलाच. नयन मोंगिया येथलेच. आणि किरण मोरे हेही येथलेच. संघात फलंदाज सहा असतात, यष्टिरक्षक मात्र एकच. त्यामुळे त्याच्या वाट्याला प्रतीक्षाही मोठी येते. मोरे १९८३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर सय्यद किरमाणी यांचे राखीव म्हणून गेले. कसोटीत पदार्पण घडले ते १९८६ मध्ये, लॉर्ड्सवर. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासच्या कसोटीत नरेंद्र हिरवाणी यांनी पदार्पणातच १६ बळी घेतले. त्याच सामन्यात मोरे यांनी ६ फलंदाजांना यष्टिचीत केले व विक्रम नोंदविला. लोकांच्या तोंडी राहिले ते हिरवाणी. पुढे १९९० मध्ये त्याच लॉर्ड्सवर ग्रॅहम गूच ३६ धावांवर असताना मोरे यांच्या हातून झेल सुटला, आणि गूचने ३३३ धावा केल्या. हा झेल मात्र आजही कोणी विसरलेले नाही.

यात लोकांचे काही चुकले, असे आम्ही म्हणत नाही. सुटलेल्या झेलाची किंमत संघाने मोजली, हे खरेच आहे. चूक ही चूकच होय. आमचा आक्षेप एवढाच, की ज्याच्या चुकांची नोंद होते, त्याच्या कामगिरीचीही व्हावयास हवी. केवळ खर्च लिहावा आणि जमा लिहूच नये, असे जमाखर्च कोणता दुकानदार ठेवतो? मोरे यांची हकीगत लॉर्ड्सवर संपली नाही. ते १९९३ पर्यंत कसोटी खेळले, निवड समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी याच शहरात काढलेल्या संस्थेत हार्दिक व कृणाल पंड्या हे बंधू घडले.

येथे कोणी पालक विचारतील, "सर, गोलरक्षण करून पोट भरेल का?" प्रश्न रास्त आहे. जर्मनी-फ्रान्समध्ये हँडबॉल हा पगारी व्यवसाय आहे. आपल्याकडे व्यावसायिक प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम २०२३ मध्ये जयपूर येथे झाला व त्यात महाराष्ट्र आयर्नमेन हा संघ विजयी ठरला. तेवढ्यावर विसंबून पुस्तके मिटावीत, असा सल्ला आम्ही देणार नाही. परंतु रात्रपाळीची परिचारिका, रेल्वेचा सिग्नल सांभाळणारा कर्मचारी, पहाटे उठून डबे भरणारी आई, यांचेही काम राखणदारीचेच नव्हे काय? ते नीट चालले, तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्या शाळेत गोलरक्षकाची कदर होत नाही, तेथील मुले मोठेपणी या माणसांची कदर करतील, अशी आशा कशी धरावी?

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. सामन्याच्या नोंदवहीत केलेल्या गोलांशेजारी अडविलेल्या फेकींचाही रकाना असावा. आणि दुबळा किंवा नवखा म्हणून कोणास गोलात उभे करण्याची आपली खोड मोडून, प्रत्येक खेळाडूने निदान एक सामना तेथे उभे राहून पाहावा. चौकटीपुढे एकदा उभा राहिलेला मुलगा रक्षकाला सहसा बोल लावीत नाही.

राहता राहिली आमची चूक. गतवर्षीच्या अंतिम सामन्यात त्या विद्यार्थ्याने किती फेकी अडविल्या, हे आज आम्हांस सांगता येत नाही, कारण आम्ही त्या मोजल्याच नाहीत. त्याबद्दल आम्ही त्याची येथे, त्याच अंकाच्या पानांवर, जाहीर क्षमा मागतो. त्याने पुन्हा मैदानावर यावे. या खेपेस वही आमच्या हाती असेल आणि तो रकाना आम्ही आखून ठेवला आहे.