बॉल वर्गणीचा, बोट मात्र स्वतःचं

हॉस्टेलमध्ये काय काय वर्गणीतून येतं याची यादी करायला बसलं तर एक जर्नल भरेल. इस्त्री, किटली, डासांचं लिक्विड, परीक्षेच्या आदल्या रात्रीची मॅगी! त्यामुळे मागच्या वर्षी पास आउट होणाऱ्या एका सिनिअरने तिचा १२ पौंडी बोलिंग बॉल विकायला काढला, तेव्हा मी आणि माझ्या रूममेटने फार विचार केलाच नाही. अर्धे पैसे तुझे, अर्धे माझे, आणि बॉल कॉटखाली. (बोलिंग म्हणजे क्रिकेटमधली नव्हे बरं का. मॉलमध्ये दहा पिना पाडतात ती, टेनपिन.)

या बॉलला तीन भोकं असतात. एक अंगठ्याचं, एक मधल्या बोटाचं, एक अनामिकेचं. आमच्या बॉलमध्ये दोन बोटांच्या भोकांत मऊ, रबरासारखी नळकांडी चिकटवलेली होती. त्यांना फिंगर इन्सर्ट म्हणतात. ती अर्थातच सिनिअरच्या बोटांच्या मापाची. मला सैल व्हायची, रूममेटला घट्ट. मी आत टेप लावून भागवलं आणि तिला म्हणाले, "चालतंय गं, वापरून वापरून होईल सैल."

नाही झालं. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात, तिसऱ्या गेमला तिचा अंगठा वेळेवर सुटला, पण अनामिका आतच अडकली आणि बॉलबरोबर ओढली गेली. दोन आठवडे बोट सुजलेलं. तिची दोन जर्नल्स मी लिहिली (सरांनी हे वाक्य सोडून पुढे वाचावं), पण त्यामुळे माझं "चालतंय" काही पुसलं गेलं नाही.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे यंदा आपल्या जिमखान्याने आमच्या चौघींच्या टीमसाठी दोन भारीतले बॉल घ्यायचं मनावर घेतलंय. त्याबद्दल मनापासून थँक्यू. पण माझं मत असं आहे की दोन भारी बॉल चौघींत फिरवण्यापेक्षा चार साधे बॉल घ्यावेत, आणि उरलेले पैसे प्रत्येकीच्या हाताचं माप घेऊन ड्रिल करण्यात आणि इन्सर्टमध्ये घालावेत.

का, ते सांगते. अ‍ॅलीत मिळतो तो हाउस बॉल. त्यात बोटं दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात. सहसा हलक्या बॉलची भोकं लहान आणि जड बॉलची मोठी असतात. म्हणजे बारीक बोटांच्या मुलीच्या मनगटात ताकद असूच शकत नाही, असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलंय! वजन आणि बोटाचं माप ही दोन वेगळी व्हेरिएबल्स आहेत, हाउस बॉल ती एकत्र बांधून टाकतो. इन्सर्ट ती गाठ सोडवतो. बॉलमध्ये भोक पाडायचं एका ठरावीक मापाचं, बहुतेक वेळा ३१/३२ इंच, म्हणजे सुमारे २४.६ मिलिमीटर. मग आत तुमच्या बोटाच्या मापाचा इन्सर्ट बसवायचा. आतल्या व्यासाची मापं १/६४ इंचाच्या टप्प्यांनी मिळतात. १/६४ इंच म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये व्हर्निअर घेऊन जांभया देताना मला कधी वाटलं नव्हतं की एवढ्याशा फरकाने कुणाचं बोट सुजेल.

स्वतःच्या बॉलमध्ये बोटं पहिल्या सांध्यापर्यंतच घालतात, त्याला फिंगरटिप ग्रिप म्हणतात. सोडताना आधी अंगठा बाहेर येतो आणि मग क्षणभर सगळा बॉल त्या दोन बोटांवर असतो. बॉलला फिरकी मिळते ती त्याच क्षणी. आता बोट सैल असेल तर माणूस बॉल पडू नये म्हणून नकळत आवळतो, अंगठा उशिरा सुटतो आणि कातडीला घट्टे पडतात. घट्ट असेल तर काय होतं ते वर सांगितलंच. बॉल कितीही महागाचा असो, तुमचा हात त्याला भेटतो तो या दोन नळकांड्यांतूनच. शिवाय २०२० च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने बॅलन्ससाठी पाडायचं जादा भोक बंद केलं. 

इन्सर्ट निवडायचा कसा? आम्हाला बॉल ड्रिल करून देणाऱ्या काकांकडून शिकलेलं सांगते. रूममेटचं बोट बरं झाल्यावर आम्ही सकाळी सकाळी थंड हातांनी त्यांच्याकडे गेलो, तर ते म्हणाले, "आधी दोन गेम खेळून या पोरींनो, मग माप घेऊ." खेळताना बोट थोडं फुगतं, ते फुगलेलं माप खरं. दोन्ही बोटं वेगवेगळी मोजायची, ती सारखी असतीलच असं नाही. बोटाचं पेर आतल्या भिंतीला सगळीकडे लागलं पाहिजे, पण बाहेर काढताना ओढावं लागता कामा नये. आतलं भोक गोल मिळतं तसं ओव्हलही मिळतं. आणि पेराखाली उंचवटा असलेलेही इन्सर्ट असतात, पकड जास्त येते म्हणून. नवशिक्यांनी मोहात पडू नये, आधी साधा घ्यावा.

इन्सर्ट एकदा बसवला की संपलं, असंही नाही. खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने आतून पुसायचा, कारण लेनवरचं तेल आणि हाताचा घाम दोन्ही आत जातं. बॉल क्लीनर भोकात ओतायचा नाही, गोंद सुटू शकतो. बॉल उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही. वरची कड फाटली, आतला भाग गुळगुळीत किंवा कडक झाला की बदलायचा, आणि दोन्ही एकदम बदलायचे. जुना काढल्यावर भोकातला वाळलेला गोंद पूर्ण खरवडून काढायचा, नाहीतर नवा वाकडा बसतो. चिकटवायला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे ज्याला आपण सरसकट फेविक्विक म्हणतो ते, थोडेच थेंब. हे सगळं मॅचच्या आदल्या रात्री करायचं नाही. नव्या इन्सर्टची बोटांना सवय व्हायला काही गेम जाऊ द्यावे लागतात.

आता कुणी म्हणेल, इन्सर्ट बदलून दोघींना एक बॉल वापरता येणार नाही का? नाही येणार. एक म्हणजे ते चिकटवलेले असतात, प्रत्येक फ्रेमला उपटून बदलता येत नाहीत. दुसरं, अंगठा आणि बोटांमधलं अंतर, म्हणजे स्पॅन, बॉलमध्येच कोरलेला असतो. तो बदलायचा तर भोकं रेझिनने बुजवून, ते घट्ट झाल्यावर पुन्हा ड्रिल करावं लागतं.

आणि "आपण काय प्रोफेशनल आहोत का?" या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर आहे. प्रोफेशनल नाही, म्हणूनच तर! त्यांच्या बोटांची काळजी घ्यायला माणसं असतात. आपल्याला सोमवारी सकाळी त्याच बोटांनी शीट काढायची असते. बॉलच्या किमतीपुढे इन्सर्ट म्हणजे चणे-फुटाणे, पण खरेदीच्या यादीत नेमके तेच राहतात, कारण ते फोटोत दिसत नाहीत.

आमच्या त्या बॉलचं पुढे काय झालं? भोकं बुजवून तो रूममेटच्या हाताच्या मापाने पुन्हा ड्रिल केला. माझा अर्धा वाटा ती मला कँटीनमध्ये हप्त्याहप्त्याने फेडते आहे, आणि जिमखाना निर्णय घेईपर्यंत मी पुन्हा हाउस बॉलवर आहे. किटली मात्र अजून वर्गणीचीच आहे. तिला इन्सर्ट लागत नाहीत.